मार्कानेनचे 24.9 गुण आणि चर्चेत नसलेला वाग्नर : युवा स्पर्धांमधून युरोपियन बास्केटबॉल रिक्रूट कसा ओळखायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फिनलंडच्या लौरी मार्कानेननं 2016 च्या 20 वर्षांखालील युरोपियन बास्केटबॉल स्पर्धेत सामन्याला सरासरी 24.9 गुण केले आणि गुणांच्या यादीत तो पहिला आला. जर्मनीचा फ्रान्झ वाग्नर हीच स्पर्धा 2019 मध्ये खेळला, पण तेव्हा सगळी चर्चा इस्रायलच्या देनी अवदियाची होती. मार्कानेन आणि वाग्नर दोघंही त्या स्पर्धेनंतर लगेच अमेरिकेत कॉलेजला रिक्रूट म्हणून, म्हणजे कॉलेजनं निवडून घेतलेले खेळाडू म्हणून गेले. पुढे एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगच्या 2017 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, मार्कानेन सातवा गेला आणि 2021 च्या ड्राफ्टमध्ये वाग्नर आठवा. मग युवा स्पर्धेतल्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा? आणि कॉलेजला निघालेल्या मुलानं तो शेवटचा उन्हाळा राष्ट्रीय संघात घालवावा का?

भरवसा जरूर ठेवायचा, फक्त गुणांचा रकाना सगळ्यात शेवटी उघडायचा. त्याआधी मुलाचं वय, स्पर्धेचा गट, संघानं त्याला दिलेलं काम आणि मागच्या उन्हाळ्यातला तोच मुलगा, या चार गोष्टी बघायच्या. हा क्रम पाळला की मार्कानेन आणि वाग्नर यांच्यात दिसणारी विसंगती बरीचशी मिटते.

वयापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या युवा स्पर्धांमध्ये पात्रता जन्मवर्षावर ठरते. 2016 च्या 20 वर्षांखालील स्पर्धेत 1996 किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडू चालत होते. मार्कानेनचा जन्म 22 मे 1997 चा, म्हणजे तो आपल्यापेक्षा एक इयत्ता वरच्या मुलांशी खेळत होता. वाग्नरचा जन्म 27 ऑगस्ट 2001 चा. 2019 च्या स्पर्धेची मर्यादा 1999 ची होती, म्हणजे तो दोन इयत्ता वर खेळला आणि तेव्हा त्याला 18 वर्षंही पूर्ण झाली नव्हती. जर्मनीनं त्या स्पर्धेत कांस्य मिळवलं. पदक जिंकणाऱ्या संघात 17 वर्षांच्या मुलाला प्रशिक्षक नियमित खेळवतो, हीच मोठी नोंद आहे. तो किती गुण करतो हे त्यानंतरचं. अवदियाही 2001 चाच, पण 3 जानेवारीचा. त्यानं तेल अवीवमध्ये घरच्या मैदानावर इस्रायलला सुवर्ण मिळवून दिलं आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही घेतला. तो अपवादात्मक खेळ होता, हे निःसंशय. पण एका जन्मवर्षाच्या दोन मुलांची तुलना करताना जानेवारी आणि ऑगस्ट यांच्यातले आठ महिने विसरू नयेत.

16 वर्षांखालील गटात हा फरक फारच जास्त असतो. मुलांची उंची सगळ्यात झपाट्यानं साधारण 14 व्या वर्षाच्या आसपास वाढते, त्या काळात वर्षाला 8 ते 10 सेंटिमीटर सहज. ज्याची वाढ लवकर होऊन गेली तो 15 व्या वर्षी बाप्या दिसतो, सगळ्यांना ढकलून रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) घेतो आणि स्पर्धेच्या सर्वोत्तम पाचांत येतो. तीन वर्षांनी बाकीचे त्याच्या उंचीला पोचतात तेव्हा त्याच्याकडे ना हाताळणी असते ना शॉट, कारण त्याला त्यांची गरजच पडलेली नसते. म्हणून या वयात मुलाची आजची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची घेऊन प्रौढ उंचीचा अंदाज काढावा. खामिस-रोश पद्धत त्यासाठीच वापरतात. समजा दोन मुलं आज 196 सेंटिमीटरची आहेत. एक आपल्या अंतिम उंचीच्या 99 टक्क्यांवर आहे आणि दुसरा 94 टक्क्यांवर. पहिला 198 वर थांबेल, दुसरा 208 च्या पुढे जाईल. आज दोघांनी सारखेच गुण केले असतील तर दुसऱ्याचे गुण मौल्यवान, कारण ते त्यानं शरीर हाताशी नसताना केलेत. मार्कानेनच्या बाबतीत घरचाच पुरावा होता. वडील पेक्का 1989-90 च्या मोसमात कॅन्सस विद्यापीठाकडून खेळलेले आणि आईसुद्धा बास्केटबॉल खेळाडू.

आता गट. युरोपच्या 16 आणि 18 वर्षांखालील स्पर्धा अ, ब आणि क अशा स्तरांवर होतात, 20 वर्षांखालील अ आणि ब अशा. अ गटात 16 संघ असतात. तळाचे संघ ब मध्ये उतरतात आणि ब मधले वरचे संघ अ मध्ये चढतात. ब गटाच्या सामन्यांत 25-30 गुणांनी लागलेले निकाल नेहमीचेच. अशा सामन्याच्या चौथ्या सत्रात केलेले गुण मोजून कुणी सरासरी सांगत असेल तर ती बाजूला ठेवावी. मार्कानेन 2015 मध्ये 18 वर्षांखालील ब गटात खेळला आणि पुढच्याच वर्षी 20 वर्षांखालील अ गटात, वयानं मोठ्या आणि स्तरानं वरच्या प्रतिस्पर्ध्यांसमोर, सगळ्यांपेक्षा जास्त गुण करून गेला. त्या स्पर्धेत ठळक करून लिहावी अशी गोष्ट हीच: प्रतिस्पर्धी एकाच वर्षात दोन पायऱ्या वर गेले आणि हा खाली आला नाही.

तरीही 24.9 हा आकडा उघडून बघावा लागतो. हेलसिंकीत झालेली ती स्पर्धा, घरचं मैदान, फिनलंडचा संघ आणि आक्रमणाचा जवळजवळ सगळा भार एकाच मुलावर. जर्मनीच्या संघात वाग्नरला असा भार कुणी दिलाही नसता. भार मोजायचा एक साधा हिशोब आहे आणि तो फिबाच्या कुठल्याही सामन्याच्या आकडेपत्रकावरून हातानं करता येतो. खेळाडूनं घेतलेले शॉट, अधिक फ्री थ्रोंच्या (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) 0.44 पट, अधिक टर्नओव्हर (गमावलेले चेंडू). ही बेरीज म्हणजे त्यानं स्वतः संपवलेली पझेशन, म्हणजे चेंडू ताब्यात असतानाच्या आक्रमणाच्या संधी. कार्यक्षमतेसाठी गुणांना भागायचं, शॉट अधिक फ्री थ्रोंच्या 0.44 पट या बेरजेच्या दुपटीनं.

नमुन्यादाखल दोन काल्पनिक मुलं घेऊ. पहिला 32 मिनिटांत 24 गुण करतो. त्यासाठी 18 शॉट घेतो, 8 फ्री थ्रो मारतो आणि 3 वेळा चेंडू गमावतो. त्यानं संपवलेली पझेशन 18 अधिक 3.5 अधिक 3, म्हणजे साधारण साडेचोवीस. कार्यक्षमता 24 भागिले 43, म्हणजे 56 टक्के. दुसरा 20 मिनिटांत 9 गुण करतो, 6 शॉट, 2 फ्री थ्रो आणि 1 टर्नओव्हर. त्याची पझेशन आठाच्याही आत आणि कार्यक्षमता 65 टक्के. सामन्याच्या चाळीस मिनिटांत संघाला 75 पझेशन मिळतात असं धरलं, तर पहिला मैदानावर असताना संघाची 41 टक्के पझेशन तो एकटा वापरतो आणि दुसरा 21 टक्के. कॉलेजच्या पहिल्या वर्षी जवळजवळ कुणालाच 41 टक्के मिळत नाहीत. तेव्हा प्रशिक्षकाला खरा प्रश्न असा पडतो की पहिल्याचा भार निम्मा केला तर त्याची कार्यक्षमता वाढेल का, आणि दुसऱ्याचा भार दीडपट केला तर ती टिकेल का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मार्कानेननं ॲरिझोना विद्यापीठात दिलं. 2016-17 मध्ये शॉन मिलर यांच्या संघात त्याची सरासरी 15.6 गुण आणि 7.2 रिबाउंड अशी होती, पण मैदानी शॉटची टक्केवारी 49 च्या पुढे आणि थ्रीची, म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटची, 42.3. हेलसिंकीच्या आकड्यावरून बघणाऱ्याला ही नऊ गुणांची घसरण वाटेल. जाणकार याला भूमिकेत झालेला स्वच्छ बदल म्हणतात.

इथे थ्री ज्या रेषेबाहेरून मारतात तिचं अंतर लक्षात घ्यायलाच हवं. फिबाची थ्री-पॉइंट रेषा 6.75 मीटरवर असते, कोपऱ्यात 6.60 वर. अमेरिकन कॉलेजात 2018-19 पर्यंत ती 20 फूट 9 इंच, म्हणजे 6.32 मीटरवर होती. मार्कानेन युरोपात सवय झालेल्या अंतरापेक्षा 43 सेंटिमीटर जवळून मारत होता. त्याच्या 42.3 टक्क्यांत या जवळिकीचा वाटा आहेच. एनबीएत रेषा मधल्या भागात 7.24 मीटरवर गेली आणि पहिल्या मोसमात त्याची टक्केवारी 36.2 झाली. वाग्नरचं नशीब उलटं. तो मिशिगन विद्यापीठात पोचला त्याच 2019-20 च्या मोसमात पुरुषांची कॉलेज रेषा फिबाच्या 6.75 वर सरकवली गेली. त्याची थ्रीची टक्केवारी पहिल्या वर्षी 31 आणि दुसऱ्या वर्षी 34 च्या आसपास राहिली. कागदावर मार्कानेन फार मोठा नेमबाज आणि वाग्नर सामान्य. पण वाग्नरचे फ्री थ्रो दोन्ही वर्षं 80 टक्क्यांच्या वर होते.

फ्री थ्रोला इतकं महत्त्व का, ते सांगतो. युवा स्पर्धेत अ गटाचा संघ नऊ दिवसांत सात सामने खेळतो. मुलगा सामन्याला पाच थ्री मारत असेल तर एकूण 35 प्रयत्न होतात. त्यातले 14 गेले तर 40 टक्के, 11 गेले तर 31. तीन चेंडू रिंगवरून आत पडले की बाहेर, एवढ्यावर त्याला नेमबाज ठरवायचं की नाही हे लटकलेलं असतं. म्हणून एका स्पर्धेची थ्रीची टक्केवारी म्हणजे पुरावा नव्हे. त्याऐवजी तीन गोष्टी घ्याव्यात. तीन-चार उन्हाळे आणि क्लबचे मोसम मिळून सगळे फ्री थ्रो, थ्री मारण्याची वारंवारता, आणि शॉटची घडण. जो मुलगा मोकळा चेंडू आल्यावर न घुटमळता मारतो आणि फ्री थ्रो 80 टक्क्यांनी घालतो, त्याचे थ्री आज ना उद्या पडतात. वाग्नरनं एनबीएच्या लांब रेषेवरून पहिल्याच मोसमात 35 टक्क्यांच्या वर मारले.

रिबाउंडचा आकडा शॉटपेक्षा बराच स्थिर असतो. स्तर बदलला तरी चेंडूचा अंदाज, कमरेनं जागा अडवणं आणि दुसऱ्यांदा चटकन उडी मारणं या गोष्टी बरोबर येतात. डोमान्तास साबोनिस हे याचं ढळढळीत उदाहरण: लिथुएनियाचे युवा संघ, स्पेनमधला उनिकाहा क्लब, गोन्झागा विद्यापीठ आणि मग एनबीए, जिथे 2022-23 पासून सलग तीन मोसम तो रिबाउंडमध्ये पहिला राहिला. फक्त आक्रमक (समोरच्याच्या टोपलीखालचे) आणि बचावात्मक (आपल्या टोपलीखालचे) रिबाउंड वेगळे लिहावेत. बचावात्मक रिबाउंड बऱ्याचदा संघाच्या रचनेमुळे एखाद्याच्या वाट्याला येतात, आक्रमक मात्र स्वतः जाऊन मिळवावे लागतात.

फिबा पत्रकात जो कार्यक्षमतेचा एकत्रित आकडा छापते त्याच्या नादी फार लागू नये. गुण, रिबाउंड, गुण मिळवून देणारे पास, स्टील (हिसकावलेले चेंडू) आणि ब्लॉक (अडवलेले शॉट) यांची बेरीज करून त्यातून हुकलेले शॉट, हुकलेले फ्री थ्रो आणि टर्नओव्हर वजा करतात. टोपलीखाली उभं राहून रिबाउंड गोळा करणाऱ्या उंच मुलावर हे सूत्र मेहेरबान असतं आणि समोरच्याच्या उत्तम खेळाडूला 40 मिनिटं जखडून ठेवणाऱ्याला ते शून्य देतं.

नियमांतला एक फरक आकड्यांत लपलेला असतो. फिबात चेंडू रिंगला लागला की कुणीही त्याला हात लावू शकतो, रिंगवरून बाहेर ढकलू शकतो किंवा आत टॅप करू शकतो. अमेरिकन कॉलेजात चेंडू रिंगच्या वरच्या काल्पनिक नळकांड्यात असताना तसं करणं हे उल्लंघन आहे. युरोपातून आलेल्या उंच मुलांच्या पहिल्या काही सामन्यांत सवयीनं हात वर जातो आणि समोरच्याला दोन गुण बहाल होतात. जी सवय युवा स्पर्धेत कौतुकाची होती ती दोन-तीन महिने मुद्दाम मोडावी लागते. बाकी शॉट घ्यायची मुदत मोजणारं घड्याळ फिबात 24 सेकंदांचं, कॉलेजात 30. दोन्हीकडे सामना 40 मिनिटांचाच, त्यामुळे मिनिटांचा हिशोब सरळ जुळतो.

आता चित्रफीत. फिबाचे बरेचसे युवा सामने यूट्यूबवर पूर्ण बघायला मिळतात.  सातपैकी तीनच सामने बघायचे असतील तर गटातल्या सगळ्यात तगड्या संघाविरुद्धचा, पहिला बाद फेरीचा आणि सगळ्यात शेवटचा हे तीन निवडावेत. प्रत्येक सामना दोनदा बघावा. पहिल्यांदा चेंडू मुलाच्या हातात नसताना तो काय करतो एवढंच बघायचं. दुसऱ्यांदा फक्त बचाव.

मार्कानेनसारखा सात फुटी नेमबाज असेल तर सगळं बघणं एका हालचालीवर आणून ठेवावं: गार्डसाठी (चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूसाठी) स्क्रीन लावून, म्हणजे बचावपटूच्या वाटेत उभं राहून, मग बाहेर थ्रीसाठी मोकळं होणं. स्क्रीन लावताना पाय खांद्यांपेक्षा रुंद हवेत आणि गार्ड खांद्याला घासून जाईपर्यंत ते हलता कामा नयेत. घाईनं आधीच सुटला तर बचावपटू अडत नाही, हालता राहिला तर पंच आक्रमक फाउल देतात, आणि युरोपियन युवा स्पर्धांमध्ये तो फाउल हमखास दिला जातो. सुटताना पाठ चेंडूकडे वळू नये. दोन किंवा तीन पावलं मागे, छाती चेंडूकडे, हात आधीच शॉट घ्यायच्या जागी तयार. पास हवेत असतानाच पाय जमिनीवर बसायला हवेत. उंच मुलांची नेहमीची चूक म्हणजे चेंडू हातात आल्यावर गुडघे वाकवणं. त्यात अर्धा सेकंद जातो आणि तेवढ्यात कॉलेज स्तराचा बचावपटू अंगावर येतो. 16 वर्षांखालील स्पर्धेत ही चूक दिसत नाही, कारण तिथे कुणी वेळेत पोचतच नाही. 20 वर्षांखालील अ गटात ती उघडी पडते. मार्कानेनचे पाय आधी बसायचे, म्हणूनच भूमिका बदलली तरी त्याचा शॉट बदलला नाही.

बचावात याच उंचीच्या मुलाचा क्लोजआउट, म्हणजे मोकळ्या नेमबाजावर धावून जाणं, बघावा. कोपऱ्यात उभ्या नेमबाजाकडे तो कसा धावतो? पहिली दोन पावलं लांब आणि मग बारीक, कंबर खाली, एक हात वर, हे बरोबर. ताठ उभा राहून धावत गेला की समोरचा एका ड्रिबलमध्ये त्याला मागे टाकतो. एका सामन्यात असे सात-आठ प्रसंग येतात. प्रत्येकापुढे बरोबर किंवा चूक एवढंच लिहायचं. तीन सामन्यांच्या वीस-पंचवीस नोंदी गोळा होतात आणि पुढच्या उन्हाळ्याशी तुलना करायला त्या गुणांच्या सरासरीपेक्षा कितीतरी उपयोगी पडतात. स्विच झाल्यावर, म्हणजे बचावपटूंनी आपापले प्रतिस्पर्धी बदलल्यावर, लहान गार्डसमोर तो किती ड्रिबल टिकतो, हेही त्याच कागदावर लिहावं.

वाग्नरसारख्या विंगचं, म्हणजे बाजूनं खेळणाऱ्याचं, बघणं वेगळं. तिथे निर्णयाची गती बघायची. चेंडू आल्यापासून मारणं, घुसणं किंवा पुढे देणं यातलं काहीतरी अर्ध्या सेकंदात होतं का? आल्बा बर्लिन क्लबात प्रशिक्षक आयतो गार्सिया रेनेसेस यांच्या हाताखाली त्याला हेच मिळालं. 2018-19 मध्ये तो सीनियर संघात बुंडेसलीगा ही जर्मनीची पहिल्या श्रेणीची लीग खेळला आणि त्या लीगनं त्याला मोसमातला सर्वोत्तम तरुण जर्मन खेळाडू ठरवलं. प्रौढ पुरुषांच्या संघात 17 व्या वर्षी चेंडू जास्त वेळ हातात ठेवण्याची मुभाच नसते. ती शिस्त घेऊन तो युवा स्पर्धेत आला, म्हणून तिथेही फार चेंडू न मागता खेळला आणि बातमीत आला नाही. मिशिगनमध्ये आधी 11.6 आणि मग 12.5 अशी त्याची सरासरी होती. भार वाढत गेला तशी टिकत गेलेली कार्यक्षमता हा त्याच्या विकासाचा गाभा आहे. 2023 मध्ये मनिलात जर्मनी विश्वविजेती झाली तेव्हा तो त्या संघाच्या आक्रमणाच्या प्रमुखांपैकी एक होता.

यावरून युवा स्पर्धेइतकाच महत्त्वाचा दुसरा रकाना सुचतो, तो म्हणजे मोसमात हा मुलगा कुणाशी खेळतो. वाग्नर पहिल्या श्रेणीच्या क्लबात थोडी मिनिटं खेळत होता. मार्कानेन हेलसिंकीच्या एचबीए अकादमीत होता. अकादमीचा संघ फिनलंडच्या दुसऱ्या श्रेणीत मोठ्या माणसांशी खेळतो आणि तिथे मुलांना भरपूर मिनिटं आणि चुका करायची मोकळीक असते. दोन्ही रस्ते चालले. जो चालत नाही तो तिसरा: मोठ्या क्लबाच्या सीनियर बाकावर बसून राहायचं, ज्युनियर संघातही खेळायचं नाही, आणि उन्हाळ्यात राष्ट्रीय शिबिरात गंजलेल्या पायांनी यायचं. अशा मुलाची स्पर्धा वाईट गेली तर दोष त्याच्या कौशल्याला देऊ नका. मोसमात प्रत्यक्ष सामन्यांची 600-700 मिनिटं तरी पदरात हवीत, मग ती कुठल्याही श्रेणीत असोत.

राष्ट्रीय संघात मिळणारी जागाही फसवते. युवा संघाकडे 208 सेंटिमीटरचा एकच मुलगा असतो, म्हणून त्याला सेंटर (टोपलीजवळ खेळणारा) करतात. कॉलेजनं त्याला घेतलेलं असतं फॉरवर्ड म्हणून, म्हणजे टोपलीपासून दूरही खेळायला. सात सामने तो टोपलीकडे पाठ करून खेळतो आणि ज्या कामासाठी त्याची निवड झाली त्याचा एकही नमुना दिसत नाही. अशा वेळी मुलाला दोष न देता मिनिटं जागेनुसार वेगळी लिहावीत. दुसरा मोठा सेंटर मैदानात असतानाची त्याची दहा मिनिटं बाकीच्या वीसपेक्षा जास्त सांगतात.

शेवटचा सामना बघायला सांगितलं त्याचं कारण थकवा. पाचव्या सामन्यापासून थ्री पुढच्या रिंगवर आपटायला लागतात, उड्या कमी होतात, फाउल हातानं होऊ लागतात. पायांतलं बळ संपल्याची ही चिन्हं. सातव्या सामन्यातही ज्याचा क्लोजआउट खाली कंबर ठेवून होतो त्याची तयारी चांगली आहे असं खुशाल समजा.

आता उन्हाळ्याच्या प्रश्नाकडे. माझं मत स्पष्ट आहे: जावं, पण अटी घालून. कॉलेजमध्ये जाऊन वर्षभर सावकाश शिकायला मिळेल असं समजणाऱ्याला पहिल्याच डिसेंबरमध्ये धक्का बसतो. जाण्याआधी आक्रमणाचा भार खांद्यावर घेऊन खेळायची शेवटची संधी बहुतेकांना हीच असते. मार्कानेननं हेलसिंकीत जो भार पेलला तो ॲरिझोनात त्याला मिळाला नाही. 2017 च्या एनसीएए या कॉलेज स्पर्धेत झेवियर विद्यापीठानं ॲरिझोनाला 73-71 असं हरवलं, तेव्हा शेवटच्या टप्प्यात त्याच्या हातात शॉटसाठी चेंडू येईनासा झाला होता. त्याच वर्षीच्या युरोबास्केटमध्ये (सीनियर युरोपियन स्पर्धेत) फिनलंडच्या मोठ्या संघात तोच मुलगा सरासरी 19.5 गुण करत होता. मुख्य खेळाडू म्हणून खेळण्याची सवय त्याला देशाच्या संघानं लावली. 2022 च्या युरोबास्केटमध्ये क्रोएशियाविरुद्धचे 43 गुण आणि त्यापाठोपाठ युटा संघाकडून 25.6 च्या सरासरीचा एनबीए मोसम हे त्याच सवयीचं फळ, असं मी मानतो.

अटी शरीराच्या आहेत. क्लबचा मोसम मे किंवा जूनपर्यंत चालतो, मग काही आठवड्यांचं शिबिर, सरावसामने, स्पर्धा, आणि ऑगस्टच्या अखेरीस कॉलेज सुरू. मधे विश्रांती कुठेच नाही. वाढत्या उंचीच्या मुलांत गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा आधी बोलायला लागतो. सकाळी जिना उतरताना वाटीखाली ठणकतं आणि सरावात अंग गरम झाल्यावर थांबतं, म्हणून मुलं ते लपवतात. पिंडरीच्या हाडात किंवा पावलात एकाच बोटाएवढ्या जागी दाबल्यावर दुखत असेल तर खेळ लगेच थांबवून तपासणी करावी, कारण तो हाडावरच्या ताणाचा तडा असू शकतो. क्लबचा मोसम संपल्यावर शिबिराआधी दहा दिवस उड्या पूर्ण बंद हव्यात आणि स्पर्धेनंतर पुन्हा दोन आठवडे. त्या काळात सायकल, पोहणं, हलकी वजनं चालतील. हे दिवस महासंघ, क्लब आणि कॉलेज या तिघांच्या प्रशिक्षकांनी एका तक्त्यावर लिहून मान्य करायला हवेत. तोंडी ठरलं तर प्रत्येकजण दुसऱ्यानं विश्रांती दिली असेल असं धरून चालतो आणि मुलगा तिन्ही ठिकाणी पूर्ण ताकदीनं पळत राहतो.

दुसरी अट कागदपत्रांची. वाग्नर आणि साबोनिस यांच्या वेळी व्यावसायिक करार केला की कॉलेजचा दरवाजा बंद व्हायचा, म्हणून दोघंही करार न करता सीनियर संघात खेळले. आता चित्र बदललंय. बार्सिलोनाचा कास्पारास याकुचोनिस इलिनॉय विद्यापीठात आणि रेआल माद्रिदचा येगोर द्योमिन ब्रिघम यंग विद्यापीठात गेला, आणि 1 जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. पण शिक्षणाची अट कायम आहे. पहिल्या श्रेणीच्या कॉलेज खेळासाठी माध्यमिक शिक्षणातले 16 ठरलेले मुख्य विषय पूर्ण लागतात, नववीपासूनच्या गुणपत्रिका मूळ भाषेत आणि इंग्रजी भाषांतरासह द्याव्या लागतात. स्पर्धेच्या नऊ दिवसांत कुणी हे कागद जमवू शकत नाही. शिबिराला जाण्याआधी, म्हणजे जूनच्या सुरुवातीलाच ते रवाना झालेले असावेत. नाहीतर जुलैत सामने गाजवलेला मुलगा नोव्हेंबरमध्ये साध्या कपड्यात बाकावर बसलेला दिसतो.